हद्दीवरची माती सरकू लागली तर: कोकणात उतारावर नव्याने घर केलेल्यांसाठी

जुलैचा दुसरा आठवडा होता. रात्रभर पाऊस लागला होता. सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या पडवीत आलो, तर परसातला गडगा, म्हणजे हद्दीवरची नुसते दगड रचून केलेली भिंत, दहा-बारा फुटांत नाहीसा झालेला. त्याच्यामागची लाल माती तीन पपयांसकट खालच्या काकींच्या हळदीच्या वाफ्यात जाऊन बसली होती. पपया उभ्याच होत्या, फक्त मालक बदलला होता.

शहरातून येऊन उतारावर घर केल्याचा तो माझा पहिला पावसाळा. मी फावडं घेऊन खाली उतरलो आणि लाजेकाजेस्तव माती उपसायला लागलो. काकी छत्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ती माती राहू दे तिथेच. पाणी कुठून येतंय ते बघा आधी." पुढची चार वर्षं मी जे शिकलो ते या एका वाक्यात होतं, पण तेव्हा मला ते नुसतं सौजन्य वाटलं. हा लेख त्याच वाक्याचा विस्तार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे मी घरामागच्या, कुंपणालगतच्या, माणूसभर किंवा त्याहून कमी उंचीच्या घसरणीबद्दल लिहितोय. माळीण (जुलै २०१४), तळीये (जुलै २०२१) किंवा इरसालवाडी (जुलै २०२३) इथे जे घडलं, ते डोंगराच्या कुशीतून आलेलं संकट होतं. तिथे गडगा, चर, वाळा यांपैकी काहीच उपयोगाचं नाही. तुमचं घर मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी असेल तर पुढचा भाग आधी वाचा आणि बाकीचं कोरड्या दिवसांत वाचा.

पाऊस चालू असताना

वरच्या जमिनीत हद्दीला समांतर, कमानीसारखी भेग दिसली आणि ती सकाळी बोटभर, संध्याकाळी दोन बोटं झाली, तर त्या रात्री मागच्या खोलीत झोपू नका. उतारातून झिरपणारं पाणी अचानक गढूळ झालं, नेहमी वाहणारा झरा एकाएकी थांबला, विजेचा खांब किंवा माड कलू लागला, मागचं दार चौकटीत अडकू लागलं, ही सगळी त्याच जातीची लक्षणं आहेत. खालच्या घरालाही लगेच सांगा, मध्यरात्र असली तरी. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. तो फोनमध्ये आजच घालून ठेवा.

धोका तेवढा नसेल आणि फक्त थोडी माती खाली आली असेल, तर दोन कामं करा आणि एक काम टाळा.

भेग असेल तर ती चिकट मातीने ठोकून बुजवा आणि वर ताडपत्री टाका. ताडपत्री भेगेच्या वर पाच-सहा फुटांपासून सुरू झाली पाहिजे आणि खालचं टोक पाणी नेऊन कुठे सोडतं ते बघितलं पाहिजे. नाहीतर सगळ्या उताराचं पाणी गोळा करून बरोबर पायथ्याशी ओतायची सोय आपणच करतो. दुसरं, वरून त्या जागेकडे येणारं पाणी तात्पुरतं दुसरीकडे वळवा. खडी किंवा रेती भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या तिरप्या ओळीत लावल्या की बरंच पाणी वळतं. गोणी पाऊणच भरायची. गच्च भरलेल्या गोण्या एकमेकींवर बसत नाहीत.

टाळायचं काम म्हणजे मी केलं ते. खाली आलेली माती भर पावसात उपसू नका. तो ढीग आता उताराचा पायथा दाबून बसलेला असतो. तो काढला की वरची पुढची माती यायला मोकळी होते. ढीग घराच्या भिंतीला टेकला असेल किंवा पाण्याची वाट अडवत असेल तर तेवढाच काढा. खालच्या शेजाऱ्याला हे पटवणं अवघड जातं, कारण त्याला दिसतो फक्त आपल्या अंगणातला तुमचा चिखल. माझं नशीब की काकींना हे माझ्याआधी माहीत होतं.

शेजाऱ्याकडे त्याच दिवशी जा

भांडण बहुतेक वेळा मातीवरून होत नाही, न बोललेल्या चार दिवसांवरून होतं. वरचा असाल तर नुकसान बघायला स्वतः जा. "पाऊसच तसा झाला" हे वाक्य पहिल्या भेटीत वापरू नका, खरं असलं तरी. खालचे असाल तर "तुमची माती आमच्यात आली" असं म्हणण्याआधी आपण गेल्या दोन-तीन वर्षांत पायथ्याशी काय खणलं ते आठवा.

दोघांनी मिळून फोटो काढा. फोटोत एखादी न हलणारी वस्तू येऊ द्या, विहिरीचा कठडा, खांब, घराचा कोपरा. पुढच्या आठवड्यात त्याच जागेवरून परत काढा. हे फोटो एकमेकांविरुद्ध पुरावा म्हणून काढायचे नाहीत. हलतंय की थांबलंय, एवढंच त्यातून बघायचं. घराचं किंवा बागायतीचं नुकसान मोठं असेल तर तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या. माती, झाडं जागची हलवण्याआधी.

आता कोकणातली खरी अडचण. शेजारच्या घराला कुलूप असतं. मालक मुंबईला, आणि सातबारावर चौदा नावं, त्यातली पाच हयात नाहीत. अशा वेळी फोनवर परवानगी मागत बसण्यापेक्षा गणपतीची वाट बघा. भाद्रपदात सगळे हिस्सेदार गावात असतात, पाऊसही अजून चालू असतो आणि नुकसान डोळ्यांना दिसतं. शिमग्याला तेच दाखवायला गेलात तर कोरड्या ठणठणीत उताराकडे बघून ते म्हणतील, कुठे काय झालंय? पण ठरवायचं गणपतीत आणि काम करायचं शिमग्यानंतर, हे वेळापत्रक मात्र सोयीचं आहे.

माती का सरकली

लाल मातीचा उतार कोरडा असताना चांगला धरून असतो. जांभ्याच्या उतारावरचं घर बाहेरून भक्कम दिसतं, कारण वर कडक कातळ असतो. पण पुष्कळ ठिकाणी त्या कातळाखाली पिवळट-पांढरी, हाताला साबणासारखी लागणारी माती असते. कातळाच्या फटींतून पाणी खाली जातं, या चिकट थरावर अडतं आणि आडवं वाहू लागतं. जिथे हा थर उतारावर उघडा पडतो, तिथे पावसाळ्यात झरा फुटतो आणि माती तिथूनच सरकते. तुमच्या हद्दीवर असा ओला पट्टा दिसला तर बाकी शोध निम्मा झाला.

उरलेला निम्मा शोध घराभोवती घ्यायचा असतो. भर पावसात रेनकोट घालून तासभर फिरा. कोरड्या दिवशी काही कळत नाही. छपराचं पाणी कुठे पडतं? हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं. हजार चौरस फुटांच्या छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात असे दिवस दर जुलैत येतात, तर नऊ हजार लिटरहून जास्त पाणी होतं. हजार लिटरच्या नऊ टाक्या तुम्ही एका दिवसात परसाच्या कडेला ओतल्या, असा त्याचा अर्थ. जुन्या घरांत पागोळ्या चारही बाजूंनी पडायच्या, पाणी वाटलं जायचं. आपण पन्हळ लावतो, सगळं पाणी एका पाइपात आणतो आणि पाइपाचं तोंड "मागे" सोडतो. मागे म्हणजे शेजाऱ्याच्या डोक्यावर.

मग न्हाणीचं सांडपाणी, शोषखड्डा, भरून वाहणारी पाण्याची टाकी, कडेच्या माडाचं आळं. शोषखड्डा उताराच्या कडेशी असेल तर तो बाराही महिने आतून माती भिजवत असतो. वरून काही दिसत नाही.

पाण्यानंतर वजन. घर बांधताना निघालेली माती कुठे टाकली? सपाटी मिळावी म्हणून ती कडेला ढकलून वर लॉन लावलेलं असतं. हा भराव जुन्या उतारावर नुसता टेकलेला असतो, खाली पानांचा नि गवताचा थर तसाच. पहिल्या पावसाळ्यात तो टिकतो, आणि मालकाला वाटतं की काम पक्कं झालं.

आणि शेवटी पायथा. खालच्या प्लॉटवाल्याने गाडी लावायला जागा हवी म्हणून जेसीबीने चार फूट उभं कापलं, तर तो काप दोन पावसाळे उभा राहतो आणि तिसऱ्याला बसतो. तोवर जेसीबीवाला, प्लॉट विकणारा, कधी कधी घेणाराही बदललेला असतो.

कायदा, जेवढा माहीत असावा तेवढाच

भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२चा. त्याच्या कलम ७मधली दोन उदाहरणं उतारावर राहणाऱ्याने वाचावीत अशी आहेत. एक, शेजारच्या जमिनीने आपल्या जमिनीला जो नैसर्गिक आधार दिलेला असतो तो मिळत राहण्याचा मालकाला हक्क आहे. म्हणजे खालच्याने पायथा असा खणायचा नाही की वरची जमीन ढासळेल. दोन, वरच्या जमिनीवर पडणारं पाणी नैसर्गिकरीत्या खाली वाहत असेल तर खालच्याने ते वाहू दिलं पाहिजे.

हे वाचून वरचे मालक खूश होतात. मीही झालो होतो. पण दोन्ही ठिकाणी "नैसर्गिक" हा शब्द आहे आणि कायदा तो गंभीरपणे घेतो. न खणलेली आणि ज्यावर कृत्रिम भार नाही अशीच जमीन त्यात धरलेली आहे. तुम्ही भराव टाकलात, पाइप लावून पाणी एका जागी सोडलंत, की ते संरक्षण पातळ होतं. उतारावर घर बांधणाऱ्या बहुतेकांनी जमिनीला हात लावलेलाच असतो, वरच्यानेही आणि खालच्यानेही. म्हणून कोर्टात कोण जिंकेल याचा हिशेब करण्यापेक्षा दोघांनी खर्च कसा वाटायचा याचा केलेला बरा. प्रकरण खरोखर तिथवर गेलंच तर कागदपत्रं घेऊन वकिलाकडे जा, हा लेख घेऊन नको.

हद्द आधी, दगड मागून

जुना गडगा म्हणजे हद्द, असं समजू नका. गडगा पडतो, परत रचला जातो, आणि दर वेळी तो हातभर इकडे नाहीतर तिकडे सरकतो. तीस वर्षांत दोन-तीन फुटांचा फरक सहज पडतो. माती सरकली असेल तर हद्दीचा दगडही तिच्याबरोबर गेलेला असू शकतो.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. फी किती घाई आहे त्यावर ठरते. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, खुणा दाखवतो आणि नंतर मोजणीची "क" प्रत मिळते. अर्ज टाकण्याआधी शेजाऱ्याला घरी जाऊन सांगा. सरकारी नोटीस अचानक हातात पडली की वर्षानुवर्षं चांगला असलेला माणूसही बिथरतो.

भिंत कुठे बांधायची? नवखा माणूस म्हणतो, अगदी हद्दीवर. माझं मत उलट आहे. भिंत, तिचा पाया आणि तिच्यामागचा दगडभराव हे सगळं आपल्या हद्दीच्या आत, फूट-दीड फूट सोडून ठेवा. जमीन थोडी गेल्यासारखी वाटते, पण डागडुजीला दर वेळी शेजाऱ्याच्या अंगणात परवानगीने उतरावं लागत नाही आणि मालकीचा वाद राहत नाही. भिंत सामाईक करायची असेल तर किती लांबी, किती उंची, कोणाच्या जमिनीत, खर्च कसा, डागडुजी कोणाची आणि पाणी कुठून कुठे जाणार, हे साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. गावात असाल तर ग्रामपंचायतीत, नगर परिषदेच्या हद्दीत असाल तर तिथे बांधकामाची परवानगी लागते का ते विचारून घ्या.

पाणी हलवा

पहिलं काम हेच आणि सगळ्यात स्वस्तही हेच. कित्येक ठिकाणी एवढ्यावरच भागतं, भिंत लागतच नाही.

छपराचं पाणी पाइपाने घेऊन थेट पाणंदीच्या गटारात किंवा व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडा. मध्ये उघड्या जमिनीवर सोडू नका. पाइपाचं तोंड जिथे संपतं तिथे चार मोठे दगड टाका, नाहीतर पाणी तिथेच खड्डा पाडून खाली घुसतं.

मग वरच्या अंगाला चर. उताराच्या कडेपासून निदान सहा-सात फूट मागे, फूट-दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल. लांबीत शंभर फुटांना एक-दोन फूट उतार द्या. उतार बघायला महागडं यंत्र नको. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोघांनी धरली की पातळी कळते, गवंड्याकडे ती असतेच. त्याहून जास्त उतार दिला तर पाणी चरच खाऊन टाकतं.

इथे एक चूक शिकल्या-सवरल्या लोकांकडून होते. "पाणी अडवा, पाणी जिरवा" हे आपण लहानपणापासून भिंतींवर वाचलेलं असतं. ते माळावर आणि शेतात योग्यच आहे. पण हद्दीच्या कडेला समपातळीत चर खणून त्यात पाणी जिरवलं, तर तुम्ही नेमकी सरकणारी माती भिजवताय. हा चर पाणी जिरवायला नसून पळवायला आहे. तळाला नि बाजूंना चिरे बसवून सांधे भरा किंवा सिमेंटचा गिलावा करा, आणि जिथे भेगा पडल्यात तिथे तर नक्कीच. पाणी जिरवायची हौस असेल, आणि असावी, तर ते उतारापासून दूर, सपाट जागेत.

तो ओला पट्टा, जिथे झरा फुटतो, तो बुजवू नका. झऱ्याचं तोंड सिमेंटने बंद केलं की पाणी आत साठतं आणि दुसरीकडे, जास्त जोराने, तोंड काढतं. तिथे खडी भरून, भोकं पाडलेला पाइप घालून पाण्याला बाहेर यायला रस्ता द्या.

हे सगळं आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत बसवा. मिरगाचा पाऊस पडल्यावर उतारावर कुदळ चालवू नये. आमच्याकडे जुनी माणसं हे अंधश्रद्धेच्या आवाजात सांगतात, पण त्यामागे साधं कारण आहे: उघडी केलेली माती धरून ठेवायला तेव्हा काहीच नसतं.

भिंत घालायचीच असेल

आधी एक गैरसमज. हद्दीवरचा नेहमीचा गडगा हा माती अडवायला घातलेला नसतो. तो गुरं अडवायला असतो. दोन्ही बाजूंनी मोकळा असतो तेव्हा तो शंभर वर्षं उभा राहतो. पण वरच्या बाजूने पाला, माती, घराचा कचरा साठत जातो, गडग्यामागे दोन-तीन फूट माती उभी राहते आणि गडग्यावर त्याने न मागितलेली नोकरी येऊन पडते. माझा पडला तो असाच. दर उन्हाळ्यात गडग्यामागची साठलेली माती काढली असती तर पपया आज माझ्याच असत्या.

दुसरं, भिंत पडते ती मुख्यतः मागच्या पाण्याने. दोन मीटर उंच भिंतीमागे वरपर्यंत पाणी साठलं, तर नुसत्या पाण्याचाच रेटा भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला सुमारे दोन टन होतो. मातीचा रेटा वेगळा. उंची निम्मी, म्हणजे एक मीटर केली तर पाण्याचा रेटा निम्मा होत नाही, चौथाई होतो, अर्धा टन. म्हणून एक उंच भिंत घालण्यापेक्षा दोन बुटक्या घालाव्यात, आणि त्यांच्यात खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर ठेवावं. मधल्या टप्प्यावर हळद, आलं, अबोली, काय हवं ते लावा. माड नको.

याच कारणाने सिमेंटमध्ये गच्च बांधलेली, बाहेरून गिलावा आणि रंग दिलेली, पाणी जायला एकही भोक नसलेली भिंत ही मला सगळ्यात धोकादायक वाटते. ती सुंदर दिसते, अख्खी उभी राहते आणि मग एकदम अख्खी पडते. कोरडा दगडी बांध आधी पोट काढतो, दोन दगड सोडतो, म्हणजे बोलून दाखवतो.

एक मीटरपर्यंतच्या उंचीला कोरडा दगडी बांध पुरतो. त्याची पद्धत अशी. कठीण जमीन लागेपर्यंत पाया खणा, निदान फूटभर, आणि पायाचा तळ किंचित उताराच्या आत कललेला ठेवा. तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे मीटरभर उंचीला दोन फूट. सगळ्यात मोठे दगड तळाला. दगडाची लांब बाजू आत जाऊ द्या. दर्शनी भाग मोठा दिसावा म्हणून दगड आडवा लावायचा मोह गवंड्याला होतो, तो मोडून काढा. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. मीटरभर उंची चढेपर्यंत भिंत वीतभर मागे, उताराकडे झुकली पाहिजे. मागे फूटभर जाडीचा डबर आणि खडी, त्याच्यामागे माती. माती आणि खडी यांच्यामध्ये गाळणीचं कापड घातलं तर खडीत माती शिरून ती तुंबत नाही. वरचा शेवटचा थर मोठ्या दगडांचा, आणि त्याच्यावरच्या मातीला असा उतार की पाणी भिंतीमागे न थांबता चरात जाईल.

दगडाचा अंदाज: ३३ फूट लांब, मीटरभर उंच, तळाला दोन फूट आणि माथ्याला सव्वा-दीड फूट जाडीची भिंत घातली, तर पायासकट साधारण अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) दगड आणि मागे एक ब्रास डबर लागतो. ठेका घेणारा चार-पाच ब्रास सांगेल तर दोघांनी बसून मोजून बघा, आणि एकच सांगेल तर त्याला काम देऊच नका.

चुन्या-सिमेंटचीच भिंत हवी असेल तर दर चार-पाच फुटांवर, तळाशी एक आणि वर एक अशा ओळींत, तीन-चार इंची पाइपाची भोकं ठेवा, बाहेरच्या बाजूला किंचित उतरती. आतल्या तोंडाला खडीचा ढीग. आणि ही भोकं शेजाऱ्याच्या अंगणात उघडणार आहेत, हे त्याला आधी सांगा. खाली छोटं गटार करून ते पाणी पुढे न्यायचा खर्च तुम्ही उचला. नाहीतर पहिल्या पावसात तो भोकांना बूच मारेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही.

उंची चार फुटांच्या वर जात असेल, वर घर, टाकी किंवा रस्ता असेल, किंवा झऱ्याचा ओला पट्टा भिंतीच्या आड येत असेल, तर स्थापत्य अभियंत्याकडून आराखडा करून घ्या. तिथे गवंड्याचा अनुभव आणि माझा लेख दोन्ही पुरे पडत नाहीत.

वाळा, बांबू आणि जे लावू नये ते

उताराला मी एकच झाड सुचवायचं म्हटलं तर वाळा. अत्तराचा आणि माठात टाकायचा तोच. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, आजूबाजूला फारशी पसरत नाहीत. लागवडीचा वाळा बहुधा बीजातून पसरत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरल्याची तक्रार येत नाही. जून-जुलैत ठोंब फोडून, अर्ध्या-पाऊण वितीच्या अंतरावर, उताराला आडव्या अखंड ओळीत लावा. ओळीत फट राहिली तर सगळं पाणी त्या फटीतून जातं. पहिलं वर्ष तो काही करत नाही, दुसऱ्या पावसाळ्यापासून ओळीमागे माती अडून छोटी पायरी तयार होते. मुळं विकायला खणून काढायचा विचार मात्र सोडून द्या.

वाळा जम धरेपर्यंत उघड्या मातीवर काथ्याची जाळी खुंट्यांनी पक्की बसवा. ती नाही मिळाली तर माडाची विणलेली झापं चालतात, फुकट असतात.

बांबू माती छान धरतो, पण बेट रुंदावत जातं आणि भिंतीला ढकलतं. मेस (बांबूचीच एक जात) लावायची असेल तर भिंतीपासून आणि हद्दीपासून दहा फूट लांब. घायपात, निगडी कडेला बऱ्या. माडाची मुळं वरच्यावर पसरतात. उताराच्या ओठावर माड म्हणजे वारा आला की तरफ. आणि तिथे असलेलं जुनं मोठं झाड सरकत नसेल तर तोडू नका. तोडलं तर मुळं हळूहळू कुजतात आणि उतार दोन-चार वर्षांनी बसतो, तेव्हा झाड तोडल्याचं कोणाला आठवतही नाही. फार भार असेल तर फांद्या कमी करा आणि खोड-मुळं जागेवर राहू द्या.

दोन खुंट्या

काम झाल्यावरचा पहिला पावसाळा नुसता बघण्याचा. जिथे भेग पडली होती तिच्या अलीकडे-पलीकडे दोन खुंट्या ठोका, डोक्यावर एकेक खिळा, आणि दर रविवारी दोन खिळ्यांमधलं अंतर टेपने मोजून दारामागच्या कॅलेंडरवर लिहा. मिलिमीटरमध्ये. दोन-तीन आठवडे वाढत गेलं तर कुठेतरी पाणी शिरतंय, परत रेनकोट घाला. चर आठवड्यातून एकदा मोकळा करा. आंब्या-फणसाची पानं एका झडीत तो भरून टाकतात. भिंतीच्या भोकांतून मुसळधार पावसातही पाणी येत नसेल तर ते शुभलक्षण समजू नका. काठी घालून मोकळी करा.

माझ्या खुंट्यांमधलं अंतर पहिल्या वर्षी अकरा मिलिमीटर वाढलं, दुसऱ्या वर्षी दोन, आणि गेल्या वर्षी मोजायचं काम काकींच्या नातवाने घेतलं. पपया त्यांनी तिथेच ठेवल्या आहेत. पिकल्या की एक इकडे येते.